दसऱ्याची चिठ्ठी

हंबीररावांच्या मुलीचं, नंदिनीचं, लग्न झालं ते दुष्काळाचं साल, एकोणीसशे बहात्तर. पुढच्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पण आषाढात हंबीररावांच्या आत्याला, अंबूताईंना, अर्धांगाचा झटका आला आणि तिला कळवावं लागलं की तू सासरीच राहा, इथं कुणाला उसंत नाही. म्हणून त्र्याहत्तरच्या दसऱ्याला राजारामपुरीतल्या घरात चारच माणसं होती, आणि चौघंही दमलेली होती.

अंबूताईंचा उजवा हात गेला होता. जीभ आधी जड झाली, मग हळूहळू सुटली. दीड महिना दवाखान्यात काढून गणपती झाल्यावर त्या घरी आल्या. खिडकीशी खाट टाकून दिली होती, तिथं त्या पडून असत. नजरही उतरली होती. वर्तमानपत्राचा मथळा दिसे, खालचा मजकूर नाही. पन्नास वर्षं रोज लिहिणारं माणूस डाव्या हातानं चहाची बशी धरायला शिकत होतं.

हंबीररावांच्या बायकोला, लीलाला, खंडेनवमीच्या संध्याकाळी ती गोष्ट ध्यानात आली.

खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पूजेला मांडतात. कुणी कोयता, कुणी तराजू, कुणी शिलाईचं मशीन. या घरात पत्र्याचे डबे मांडत. बिस्किटांचे, चहाचे, एकेचाळीस डबे. त्यांत अंबूताईंच्या चिठ्ठ्या असत. लग्नपत्रिकांच्या, परीक्षेच्या पेपरांच्या, कॅलेंडरच्या पानांच्या पाठकोऱ्या बाजू कापून केलेल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द. वर शब्द, त्याखाली अर्थ, त्याखाली त्याचं संस्कृत, कानडी, फारशी गणगोत. आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, तो शब्द कुणी सांगितला, कुठं, कधी. संस्कृतात पहिल्या वर्गात आलेली ही बाई पुढं पोथ्या बाजूला ठेवून जात्यावर, घाटावर, बाजारात बसून शब्द गोळा करत हिंडली. शास्त्रीमंडळी हसली होती. परदेशातून तिला पत्रं यायला लागली तेव्हा हसायची थांबली, एवढंच.

दसऱ्याच्या दुपारी त्या डोळे मिटून कुठल्याही डब्यातून एक चिठ्ठी काढत. ती मोठ्यानं वाचायची, खालच्या नावासकट, आणि त्या नावाच्या माणसाला त्या वर्षीचं सोनं पोचवायचं. आपट्याचं एक पान. माणूस कोल्हापुरात असेल तर त्याच दिवशी, गावाला असेल तर एसटीनं, मेलं असेल तर त्याच्या घरच्यांना. एका वर्षी हंबीरराव एका पानासाठी संकेश्वरपर्यंत जाऊन आले होते. सगळी आळी हसली होती आणि अंबूताईही हसल्या होत्या, पण पान पोचलं होतं.

लीलानं डब्यावर झेंडूचं फूल ठेवण्यासाठी झाकण जरा सरळ केलं आणि आतली पांढरीशुभ्र, एकसारखी कार्डं तिला दिसली. तिनं एक उचललं. शब्द होता, अर्थ होता, गणगोत होतं. खालचा कोपरा कोरा होता. दुसरं उचललं, तेही तसंच. ती तशीच डब्यांपुढं बसून राहिली. हळदीकुंकवाचं ताट हातात होतं.

झालं होतं ते असं. अंबूताई दवाखान्यात असताना पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं. कोश छापायला घेऊ, पण मजकूर एका मापाच्या कार्डांवर, सुवाच्य अक्षरात हवा. हंबीरराव इतिहास शिकवत. आत्याचं पुस्तक आत्याच्या डोळ्यांदेखत व्हावं, या घाईनं त्यांनी कॉलेजातली सोळा मुलं धरली आणि महिनाभरात अकरा हजार चिठ्ठ्यांची नक्कल करून घेतली. पहिल्याच दिवशी एका मुलानं विचारलं होतं, सर, हे खाली 'धोंडुबाई, नेसरी, जात्यावर' असं आहे, हे लिहायचं का? ते म्हणाले होते, नको, ते आत्याचं स्वतःपुरतं टिपण आहे.

मूळ चिठ्ठ्यांची सात पोती झाली. लीला म्हणाली, रद्दीवाल्याला देऊ. तेव्हा माई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. माई म्हणजे अंबूताईंची भावजय, हंबीररावांची आई. अक्षराच्या कागदात वाणी गूळ बांधणार, हे त्यांना खपणारं नव्हतं. त्यांनी अनंत चतुर्दशीला टांगा सांगितला, पोती पंचगंगेवर नेली, आणि घाटावर गणपतीच्या शेजारी, हात जोडून, एकेक पोतं पाण्यात सोडलं.

दसऱ्याच्या सकाळी हंबीरराव दाराला तोरण बांधत होते. लीलानं त्यांना शिडीवरून खाली बोलावलं आणि सांगितलं. ते बराच वेळ हातातला सुतळीचा गुंडा उलगडत आणि गुंडाळत राहिले.

"आज वाचणार कोण?" त्यांनी विचारलं.

"गेली अकरा वर्षं मेहमुदा वाचते."

"मग ती काहीतरी नाव घेईल. आत्याला कार्ड दिसणार नाही."

लीला म्हणाली की आज सांगून टाकू. ते म्हणाले की डॉक्टर काय बोलले ते तू ऐकलंस ना, दुसरा झटका आला तर माणूस राहणार नाही. मग थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात, म्हणाले की पुण्याच्या लोकांनी खालच्या ओळीबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही, त्यांना हे असंच चालणार आहे. लीलानं त्यांच्याकडं पाहिलं. पुण्याच्या पत्रात 'संपादक' या शब्दापुढं हंबीररावांचं नाव होतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाच्या नावावर अजून एक पुस्तक नव्हतं. ते पत्र घडी घालून ते खिशात बाळगत, हे धुणं काढताना तिला कळलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती. आजही बोलली नाही.

"तुमच्या आईला तरी सांगा," ती म्हणाली.

"आईला काय सांगू? तिनं काय बुडवलं ते?"

माई स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. पाट्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मेहमुदा दुपारी आली. भवानी मंडपाजवळच्या इलाही बाइंडरची ही मुलगी. उर्दू शाळेत मास्तरीण. बाप अंबूताईंची पुस्तकं बांधून द्यायचा, त्याच्याबरोबर लहानपणी यायची, तेव्हापासून ती या घरातली. आषाढात धाकटी बहीण नजीरा मिरजेला आजारी पडली आणि मेहमुदा रजा काढून तिच्याकडं गेली. परतून आठ दिवस झाले होते. रोज येऊन बाईंचे पाय चेपून जाई, पण डबे तिनं उघडले नव्हते. बाईंनी म्हटलं होतं, दसऱ्याला उघडू.

हंबीररावांनी तिला फाटकातच गाठलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि शेवटी म्हणाले, "धोंडुबाईचं नाव घे. तिच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त होत्या. संशय येणार नाही."

मेहमुदा फाटकाला धरून उभी राहिली. तिच्या हातात शिरखुर्म्याचा डबा होता, दर दसऱ्याला ती आणत असे. तिला एकच गोष्ट आठवत होती. अब्बा तीन वर्षांपूर्वी गेले. बाइंडिंगच्या कामातले त्यांच्या तोंडचे दोनशेवर शब्द त्या डब्यांत होते, प्रत्येकाखाली 'इलाही, भवानी मंडप' असं बाईंच्या अक्षरात. अब्बांचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. मनाला येई तेव्हा ती एखादा डबा उघडून तेवढा कोपरा वाचत असे. हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"पोती सगळी गेली?" तिनं विचारलं.

"सगळी."

"दादा, मी वाचते," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी मला सांगू नका."

अंबूताईंना खुर्चीत बसवलं. इरकली लुगडं नेसवलं होतं, उजवा हात मांडीवर ठेवून दिला होता. दसरा चौकाकडं जाणाऱ्या माणसांचा आवाज रस्त्यावरून येत होता. माई पदराला हात पुसत दाराशी उभ्या राहिल्या. लीलानं तीन डबे पुढं ठेवले. अंबूताईंनी डोळे मिटले आणि डावा हात मधल्या डब्यात घातला. बोटं थोडा वेळ आत फिरली.

"कागद गुळगुळीत लागतोय," त्या म्हणाल्या.

"नक्कल केली आत्या," हंबीरराव म्हणाले. "पुण्यासाठी. सांगितलं होतं ना मी."

सांगितलं होतं हे खरं. अंबूताईंनी मान हलवली, एक कार्ड ओढून काढलं आणि मेहमुदापुढं धरलं.

मेहमुदानं वाचलं. तूप. कढवलेलं लोणी. संस्कृतात घृत, त्याच्याशी नातं नाही. कानडीत तुप्प, ते सख्खं. एवढं वाचून ती थांबली. मग म्हणाली, "धोंडुबाई, नेसरी."

लीलानं आपट्याचं पान उचललं. ते पान तिच्या हातातच राहिलं, कारण अंबूताईंनी डोळे उघडले होते.

"नाही," त्या म्हणाल्या.

मेहमुदानं कार्डावरून मान वर केली.

"धोंडुबाईच्या दारात कधी म्हैस नव्हती. ती मला तुपाचं काय सांगणार? तिनं दळणाचे शब्द दिले, गवताचे दिले, रडण्याचे दिले." त्यांचा आवाज चढला नव्हता. शब्द एकेक करून येत होते, जिभेला कष्ट पडत होते. "तूप गुंडूनं सांगितलं. कळंब्याच्या जेलात. एकसष्ट साल, श्रावण. सतरंज्या विणायचा. आईनं शेवटचं काय वाढलं ते सांगत होता. मेहमुदा, चिठ्ठीवर काय आहे ते वाच."

मेहमुदानं कार्ड मांडीवर पालथं ठेवलं. "काही नाही बाई," ती म्हणाली. "खाली काही नाही."

हंबीररावांनी घसा साफ केला. ते बोलणार होते, समजावून सांगणार होते, वर्गात सांगत तसं पहिल्यापासून. पण त्यांच्याआधी माई दारातून पुढं आल्या आणि खुर्चीपुढं जमिनीवर बसल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे धरून बसली.

"वन्सं, कागद मी बुडवले. सात पोती. घाटावर. त्यो लिहून घेतो म्हणाला, लिहून झालं म्हणाला. मला वाटलं आता ह्या जुन्याचं काय करायचं. रद्दीत घालू दिले न्हाईत मी. अक्षर हाय म्हणून पाण्यात सोडलं."

"आई, चूक माझी आहे," हंबीरराव म्हणाले.

"गप बस तू. मी वन्संशी बोलतीया."

अंबूताई खिडकीबाहेर पाहत होत्या. बाहेर एक माणूस सायकलला झेंडूची माळ बांधून मुलाला पुढं बसवून चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत त्यांनी पाहिलं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "त्यात तूही होतीस."

माईंना समजलं नाही.

"नेसरीहून लग्न होऊन आलीस तेव्हा तुझं बोलणं मला नवीन होतं. चुलीपुढं बसून तू बोलायचीस आणि मी माजघरात लिहायची. माझ्या पहिल्या चिठ्ठ्या तुझ्या आहेत. म्हणजे होत्या."

मग त्या म्हणाल्या की मला आडवं करा, मी दमले. लीलानं आणि मेहमुदानं त्यांना उचलून खाटेवर नेलं. पुरणपोळी कुणी खाल्ली नाही असं झालं नाही. खाल्ली. सणाचं अन्न होतं, आणि सगळ्यांना भूक लागलेली होती. जेवण झालं तशी पानं उचलली गेली.

उन्हं उतरायच्या आधी हंबीरराव लीलाच्या हातातलं आपट्याचं पान घेऊन घराबाहेर पडले. कुठं जाता असं तिनं विचारलं नाही. कळंब्यापर्यंत सायकलनं जायला त्यांना पाऊण तास लागला, पूर्वी अर्धा लागत असे. वाटेत लोक सोनं द्यायला थांबवत होते. तळ्याच्या बाजूला त्यांनी सायकल उभी करून घाम पुसला. आपण काय चुकलो ते त्यांना आता नीट दिसत होतं. इतिहासाच्या वर्गात दर वर्षी ते मुलांना सांगत की कागद कुणी लिहिला, कुणाच्या सांगण्यावरून लिहिला, ते आधी बघा, मजकूर मागून. आणि आत्याच्या चिठ्ठीवर तेच लिहिलेलं होतं तर त्यांना ते बायकांच्या गप्पांसारखं वाटलं. धोंडुबाई. जात्यावर.

जेलच्या फाटकावरचा शिपाई म्हातारा होता, टोपीत झेंडू खोचलेला.

"पावणं, आज भेट न्हाय. दसरा हाय की."

हंबीररावांनी सांगितलं की भेट नको, एका कैद्याला सोनं द्यायचंय, गुंडू नाव, सतरंज्या विणायचा, बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शिपायानं त्यांना खालून वर पाहिलं. पांढरं धोतर, चष्मा, सायकल.

"गुंडू, संकेश्वराकडला? त्यो सुटला की कवाच. मीच फाटक उघडलंतं. पुढं कुठं गेला म्हाईत न्हाय." मग थोडं थांबून, "तुमचा कोण?"

"माझ्या आत्याला त्यानं एक शब्द दिला होता."

"व्हय व्हय. त्या लिहून घेणाऱ्या बाई. दर बेस्तरवारी यायच्या." शिपायानं हात पुढं केला. "द्या हिकडं. सोनं परत न्यायचं नसतंय. आला तर दीन, न्हाय आला तर माझ्या कोटाच्या खिशात ऱ्हाईल."

हंबीररावांनी पान दिलं. शिपायाच्या हातात पाच-सहा पानं आधीच होती. त्यानं हे वेगळं काढून वरच्या खिशात घातलं.

पुढचे तीन दिवस अंबूताई बोलल्या नाहीत. खायला दिलं तर खात, पाणी दिलं तर पीत. मेहमुदा येऊन बसून जाई. एका संध्याकाळी ती लीलाला म्हणाली की चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. लीलालाही तेच वाटत होतं. त्या दोघींचं एरवी फार जमत नसे. लीलाला वाटे, घरात आपण राबतो आणि बाईंना कौतुक मेहमुदाचं. त्या तीन दिवसांत ते कुठंतरी मागं पडलं. दोघी मागच्या पायरीवर बसून काळा चहा प्याल्या.

हंबीररावांनी पुण्याला पाठवायचं पत्र दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. एकात कार्डं तयार आहेत असं होतं. दुसऱ्यात नाहीत असं होतं.

माई रात्रीचं जेवत नव्हत्या, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांना आठवत होतं ते वेगळंच. त्यांचे यजमान, आण्णा, गेले तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि मृत्यूच्या दाखल्यावर त्यांनी अंगठा उठवला होता. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संनी त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि एका चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर अ काढून दिला. वहिनी, आता रोज एक. वर्षभर रोज एक. माई पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहू शकल्या तो कागद त्यांनी देवघरात ठेवला, तो अजून तिथं होता. कागद पायाखाली येऊ नये, जळू नये, विकू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनाच कळलं होतं. आणि त्या कळण्यानंच हा घात केला.

चौथ्या दिवशी सकाळची कामं झाल्यावर माईंनी पहिला डबा उचलला, खाटेजवळ पाट टाकला, चष्मा लावला आणि एक कार्ड काढलं. त्यांना वाचायला वेळ लागे. एकेक अक्षर ओठांनी जुळवून त्यांनी शब्द वाचला. मग कार्ड मांडीवर धरून वाट पाहिली.

अंबूताई भिंतीकडं तोंड करून होत्या. खालच्या वाण्याच्या दुकानात कुणीतरी पोतं आपटलं. बराच वेळ गेला.

"बाळू सुताराची आई," अंबूताई म्हणाल्या. "गडहिंग्लज. बाजाराच्या दिवशी."

माईंनी नंदिनीनं मागं ठेवलेलं बॉलपेन घेतलं आणि कार्डाच्या कोऱ्या कोपऱ्यात लिहायला लागल्या. त्यांचं अक्षर मोठं होतं. कोपरा पुरला नाही, ओळ वर चढली, मुलांनी सुवाच्य काढलेल्या गणगोतावर जाऊन टेकली. लिहून झाल्यावर त्यांनी दुसरं कार्ड काढलं.

त्या दिवशी अकरा झाली.

मग रोजचं ठरून गेलं. सकाळी माई, दुपारी लीला, शाळा सुटल्यावर मेहमुदा. लीला आणि मेहमुदा वाचत, पण लिहीत माई. अंबूताईंनीच तसं सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, तिचं अक्षर मला इथून दिसतं. चांगल्या दिवशी पन्नास-साठ होत, वाईट दिवशी चार. काही शब्दांना त्या लगेच माणूस सांगत, त्याच्या घराचा ओटा, अंगावरचं घोंगडं, तेव्हा पाऊस होता का ऊन, सगळं. काहींना डोळे मिटून बसत आणि मग म्हणत, नाही. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा माईंनी कोपऱ्यात रेघ ओढली.

"रेघ नको," अंबूताई म्हणाल्या. "जागा मोकळी ठेव. कुणाला आठवलं तर लिहील."

अब्बांचे शब्द मेहमुदानं विचारून घेतले नाहीत. ती तिची वेळ आली की यायची आणि डब्यात हाताला येईल ते कार्ड घ्यायची. 'इलाही, भवानी मंडप' हे पहिल्यांदा आलं तेव्हा माईंनी ते लिहिलं, कार्ड तिच्या हातात दिलं आणि चहा टाकायला आत गेल्या. परत आल्या तेव्हा कार्ड डब्यात होतं.

हंबीररावांनी कार्तिकात पुण्याला तिसरं पत्र लिहिलं. त्यात त्यांनी झालेली चूक सांगितली, ती आपली असल्याचं सांगितलं, संपादक म्हणून आपलं नाव घालू नये असं कळवलं आणि दोन वर्षांची मुदत मागितली. उत्तर महिन्याभरानं आलं. दोन ओळींचं होतं. छपाईचा क्रम दुसऱ्या ग्रंथाला दिला आहे, तयार झाल्यावर कळवावे. ते पत्र त्यांनी आत्याला वाचून दाखवलं. त्यांना वाटलं, आता ही कोसळेल.

"बरं झालं," अंबूताई म्हणाल्या. "घाई गेली."

पण घाई गेली नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. मार्गशीर्षात त्यांना ताप येऊन गेला, त्यानंतर आवाज बसला. आता माईंना कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागे. दोघी म्हाताऱ्या डोक्याला डोकं लावून बसलेल्या असत, आणि दारातून पाहणाऱ्याला वाटे की काहीतरी गुपित चाललंय. लीला थकून म्हणाली एकदा, पुरे करा आता, त्यांना त्रास होतोय. माई म्हणाल्या, "त्रास होतुयाच की. मला पण होतुया. वन्सं म्हणतील तवा थांबू."

वन्सं म्हणाल्या नाहीत.

पौषात एका सकाळी माईंनी कार्ड वाचलं. चुलीच्या मागच्या बाजूला, जिथं भांडं ऊबेला ठेवतात, त्या जागेचा शब्द होता. तो वाचायला त्यांना एरवीइतका वेळ लागला नाही.

"हा आमच्यात म्हणतात," त्या म्हणाल्या. "हिकडं कुणी म्हणत न्हाय."

अंबूताईंच्या तोंडाची डावी बाजू हलली. "तुझाच तो. लिही."

माईंनी पेन टेकवलं आणि थांबल्या. आपलं नाव कसं लिहायचं, असं त्यांनी विचारलं. माई लिहू? नुसतं माई?

"तेव्हा तू माई नव्हतीस. माहेरचं लिही."

त्या घरात पंचावन्न वर्षांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. सासरी आल्यावर नाव बदललं, मग मुलं झाली आणि माई झाल्या. ते नाव लिहायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्याचा कधी प्रसंगच आला नव्हता. माईंनी ते मनात फोडून घेतलं, एकेक अक्षर, आणि कोपऱ्यात लिहिलं. बाळाबाई, नेसरी, चुलीपुढं. मग ते खाटेवर अंबूताईंच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली, आणि पुढचं काढ अशी डाव्या हातानं खूण केली.

अंबूताई शनिवार, सोळा फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तर रोजी सकाळी नऊच्या सुमारास राजारामपुरीतल्या घरी वारल्या. त्यांचं वय एकाहत्तर होतं. तोवर चार हजार सहाशे चौदा कार्डांवर नाव लिहून झालं होतं. बाकीच्यांचे कोपरे कोरे आहेत.